'रनवे संपत होता': एका सोलो लँडिंगचा पंचनामा

हे प्रकरण एका फ्लाइंग स्कूलमधलं आहे. विद्यार्थी कोण, संस्था कोणती, विमानतळ कुठलं हे कळेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्या दिवशी उड्डाणाच्या कागदावर सही कोणाची होती, हे मात्र लपवायचं कारण नाही. मी तिथला इन्स्ट्रक्टर. सही माझी होती.

कोणाला खरचटलंही नाही. हलक्या विमानांचे लँडिंगचे अपघात बहुतेक असेच असतात. अमेरिकेत या वर्गातल्या अपघातांचे जे वार्षिक आढावे निघतात, त्यांत वर्षानुवर्षं हेच दिसतं: संख्येने लँडिंगचे अपघात सगळ्यांत जास्त, आणि जीव जाण्याचं प्रमाण त्यांत अगदी कमी. त्यामुळे ते चहाच्या टपरीवर किस्से म्हणून सांगितले जातात आणि तिथेच विरतात.

पार्श्वभूमी

विदर्भातलं छोटं विमानतळ. समुद्रसपाटीपासून साधारण हजार फूट उंचीवर. रनवे पूर्व-पश्चिम, १,५०० मीटर लांब, ३० मीटर रुंद. पश्चिमेकडे, म्हणजे २७० अंशांकडे, तोंड करून उतरायचं तर रनवे २७; उलट बाजूने तोच ०९. तसं उतरणाऱ्याला सुरुवातीपासून ६०० मीटरवर डाव्या हाताला टॅक्सीवेचं, म्हणजे रनवेवरून बाहेर पडायच्या रस्त्याचं, तोंड लागतं. हे तोंड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

विमान सेस्ना १७२. हे मॉडेल १९५६ पासून बनतंय, चव्वेचाळीस हजारांहून जास्त बनली आहेत, आणि एवढ्या संख्येने दुसरं कुठलंच विमान जगात बनलेलं नाही. शिकाऊ माणसाच्या पुष्कळ चुका ते पोटात घालतं. मागची दोन मुख्य चाकं स्प्रिंगसारख्या पोलादी पायांवर असतात. विमान आपटलं तर ते पाय फाकतात आणि मार सोसतात. पुढच्या चाकाचं तसं नाही. त्याचा दांडा थेट इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला, फायरवॉलला, जोडलेला असतो. तो मार दांड्यातून सरळ विमानाच्या सांगाड्यात जातो.

विद्यार्थी वीस वर्षांचा. एकूण ६८ तास उड्डाण, त्यातले ११ सोलो, म्हणजे एकट्याने. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात आणि त्यातले १०० स्वतःच्या कमांडखाली, म्हणजे तो अजून पहिल्या टप्प्यातच होता. हात चांगला होता. मुळात शांत. ब्रीफिंगला वही घेऊन बसणारा.

नंतर मी त्याचं लॉगबुक आणि आमचं रजिस्टर समोरासमोर ठेवून मोजलं. तोवर त्याची २१४ लँडिंग झाली होती. त्यातली सकाळी दहानंतरची फक्त १९, आणि त्या एकोणीसही वेळा शेजारच्या सीटवर कोणी ना कोणी इन्स्ट्रक्टर होता. आम्ही नव्या पोरांना मुद्दाम सकाळचे स्लॉट देतो. उन्हाळ्यात इथे साडेआठपर्यंत हवा दुधासारखी असते. मग जमीन तापते, रात्रभर खाली दबलेली थंड हवा मोकळी होते, वरचा वारा खाली उतरतो आणि दहा-साडेदहाला विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) जागा होतो. चांगल्या हवेत शिकवायचं हे बरोबरच आहे. पण २१४ हा आकडा बघून आम्हाला जो भरवसा वाटत होता, तो पोराच्या हातापेक्षा सकाळच्या हवेवर जास्त उभा होता.

त्या दिवशी

एप्रिल. त्याचा स्लॉट सातचा होता. ठरलेलं विमान इन्स्पेक्शनमधून वेळेवर सुटलं नाही, आणि सातचे सव्वादहा झाले. तीन तास तो ब्रीफिंग रूममध्ये पंख्याखाली बसून होता. पुढच्या आठवड्यात त्याची सोलो क्रॉस-कंट्रीची, म्हणजे एकट्याने लांबच्या उड्डाणाची, तपासणी होती आणि त्याआधी त्याला सर्किटचा (उडून विमानतळाभोवती फेरी मारून पुन्हा उतरण्याचा) एक सोलो तास हवा होता.

दहाला वारा २१० अंशांकडून ८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). रनवे २७० अंशांकडे, म्हणजे वारा डावीकडून ६० अंशांत, आडवा हिस्सा सुमारे ७ नॉट. सोलोसाठी आमची अंतर्गत मर्यादा ८ नॉट. विमान त्याच्या जवळपास दुप्पट आडव्या वाऱ्यात उतरू शकतं, कंपनीने १५ नॉटपर्यंत उतरवून दाखवलेलं आहे. पण ते कंपनीच्या वैमानिकाने. मी सही केली आणि म्हणालो, "चार सर्किट, चौथं फुल स्टॉप. वारा वाढला तर बघून घे." फुल स्टॉप म्हणजे टेकल्यावर पुन्हा न उडता थांबायचं.

'बघून घे' म्हणजे काय करायचं? किती वाढला तर? काय बघायचं? हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी वेळा मनात उलटवून पाहिलंय. सूचनेसारखं ऐकू येतं, पण त्यात सूचना नाही.

पहिली दोन सर्किट ठीक. तिसऱ्या लँडिंगला विमान जरा तरंगलं, पण टेकलं. मी टॉवरच्या गच्चीवर हातात रेडिओ घेऊन उभा होतो. तो चौथ्यांदा डाउनविंडला (रनवेला समांतर, उलट दिशेने) असताना विंडसॉक ताठ झाला. टॉवरने वारा दिला: २२० अंश, १२ नॉट, झोत १८. आडवा हिस्सा ९ नॉट, झोतात १४ च्या आसपास. मर्यादा ओलांडली होती. उड्डाण मात्र शेवटचंच होतं, त्याला उतरायचं तर होतंच, आणि दुसरा रनवे नाही. मी काही बोललो नाही.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. पण डोळ्यांवर फार विसंबू नये. या विमानाचं डिजिटल पडद्यांचं पॅनेल दर सेकंदाला वेग, उंची, इंजिनाचे फेरे मेमरी कार्डावर लिहून ठेवतं. कार्डावरचं असं:

फायनलला, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत उतरताना, वेग ७८ नॉट. आमचा शिकवलेला आकडा ६५. रनवेच्या तोंडावरून तो ७६ ला आत आला. थ्रॉटल पूर्ण मागे, म्हणजे इंजिनाची पॉवर काढलेली. फ्लेअर केला, म्हणजे टेकण्याआधी नाक उचललं; विमान जमिनीपासून चार-पाच फुटांवर येऊन तिथेच राहिलं. अकरा सेकंद तरंगलं. टॅक्सीवेचं तोंड मागे गेलं. मग त्याने योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पुढे ढकलला. ७२० मीटरवर पुढचं चाक आधी टेकलं आणि विमान उसळलं. त्याने नाक दाबलं. दुसरी आपटी, पुन्हा उसळी, पहिलीपेक्षा उंच. पुन्हा दाबलं. तिसऱ्या आपटीला पुढच्या चाकाचा दांडा मागे मोडला, पुढच्या पंख्याची (प्रोपेलरची) पाती रनवेला लागली, इंजिन थांबलं आणि विमान नाकावर घसरत, उजवीकडे सरकत थांबलं. पहिल्या टेकीपासून तिसऱ्या आपटीपर्यंत सहा सेकंद.

मी जीपने पोचलो तेव्हा तो उतरून पंखाच्या टोकाशी उभा होता. इंधन बंद केलं होतं, विजेचा मास्टर स्विच बंद करायचा राहिला होता. पाती दोन्ही मागच्या बाजूला वळलेली, कडेने गुंडाळल्यासारखी. त्याचं पहिलं वाक्य: "सर, रनवे संपत होता."

अडचण नेमकी काय होती

'वेग जास्त होता' हे कोणीही सांगेल. किती जास्त, ते पाहू.

६५ नॉट हा आकडा विमान पूर्ण भरलेलं असतानाचा. १७२ च्या या मॉडेलचं कमाल वजन १,१५७ किलो. एकटा मुलगा, अर्धं इंधन, म्हणजे त्या दिवशी वजन ९०० च्या आत. वजन घटलं की लागणारा वेग त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. हिशेबाने त्याला ५७ पुरले असते. शिकवताना आम्ही हे सांगतो, परीक्षेत विचारतो, आणि शेजारी बसून उडवताना सगळे ६५ च धरतो, कारण दोघे असताना फरक थोडा असतो. सोलोला शेजारची सीट रिकामी होते आणि विमान एकदम हलकं होतं, पण आकडा तोच राहतो.

आता ५७ च्या जागी ७८. चालत्या विमानातली ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हे गुणोत्तर १.८७ येतं. म्हणजे जवळपास दुप्पट ऊर्जा घेऊन तो रनवेवर आला. ती कुठेतरी खर्च व्हायला हवी. पण जमिनीलगत, पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर, हवेचा एक प्रकारचा रोध बराच घटतो. त्यालाच ग्राउंड इफेक्ट म्हणतात. इथे पंखांची लांबी ११ मीटर आणि विमान दीड मीटरवर. अशा ठिकाणी विमान वेग सोडता सोडत नाही. त्यात ३६ अंश तापमान. हवा इतकी विरळ की विमानाच्या लेखी ते जवळपास पावणेचार हजार फुटांवरचं विमानतळ होतं, म्हणून काट्यावर दिसणाऱ्या वेगापेक्षा हवेतला खरा वेग पाचेक टक्के जास्त.

पण ७८ आलं कुठून? हा प्रश्न त्याला आरडाओरडा न करता विचारायला दोन दिवस लागले. तो म्हणाला, "झोत असेल तर वेग जरा जास्त ठेवायचा, असं सांगितलं होतं ना सर." सांगितलं होतं. नियम असा आहे की वारा आणि झोत यांच्यातल्या फरकाचा अर्धा मिळवायचा. १२ आणि १८ मध्ये फरक ६, अर्धे ३. म्हणजे ६५ चे ६८. आम्ही 'जरा' म्हणालो, त्याने १३ घेतले. घाबरलेला माणूस 'जरा' या शब्दात हवं तेवढं भरतो.

आणि 'रनवे संपत होता' या वाक्याचं काय? पहिली टेक ७२० मीटरवर झाली. पुढे ७८० मीटर शिल्लक होते. हे विमान टेकल्यावर थांबायला कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे समुद्रसपाटीला, पूर्ण वजनाला, पौणेदोनशे मीटर घेतं. त्या दिवशीच्या उन्हात आणि बिचकत मारलेल्या ब्रेकवर अडीचशे धरा. तिप्पट रनवे पुढे होता. त्याला मात्र आतून तो संपताना दिसत होता. रोज जिथे टेकायची सवय, ती जागा मागे गेली की पुढचं सगळं अंतर डोळ्यांना अपुरंच वाटतं.

पर्याय काय होते

सही करण्याआधी माझ्याकडे तीन पर्याय होते: उड्डाण दुसऱ्या दिवशी सकाळी ढकलणं, आधी एक सर्किट त्याच्याबरोबर बसून करणं, किंवा मर्यादेच्या एक नॉट आत आहे म्हणून सोडणं. तिसरा घेतला. तपासणी पुढच्या आठवड्यात, विमान मोकळं, पोरगा तीन तास बसलेला. यातलं एकही कारण हवामानाचं नाही.

तिसऱ्या लँडिंगला विमान तरंगलं तेव्हा रेडिओवर "हे फुल स्टॉप कर" म्हणता आलं असतं. यात फारसा विचार करण्यासारखंही काही नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा मी तो केला नाही.

खरा प्रश्न चौथ्या फायनलचा. मला गच्चीवरून दिसत होतं की विमान वेगात आहे. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) पूर्ण खाली असताना नाक जितकं खाली दिसायला हवं त्यापेक्षा जास्त खाली होतं. बोट बटणावर होतं. मनात आलं, आता आवाज दिला तर गडबडेल. जमिनीजवळ सोलो विद्यार्थ्याशी बोलू नये, हे आम्हाला इन्स्ट्रक्टर होताना शिकवलेलं असतं आणि ते चुकीचं नाही. पण ते फ्लेअरमधल्या बारीक सूचनांबद्दल आहे. 'नाक थोडं वर', 'डावा रडर', हे असलं बोलू नये. 'गो अराउंड', म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा, हे दोन शब्द त्यात मोडत नाहीत. मी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या.

उसळी मारल्यावर त्याच्याकडे काय होतं? उसळी लहान असेल तर नाक होतं तिथे धरून ठेवायचं, थोडी पॉवर द्यायची, विमानाला पुन्हा बसू द्यायचं. मोठी असेल तर पूर्ण थ्रॉटल, गो-अराउंड. नाक दाबायचं नाही, कारण इथे विमान माणसापेक्षा वेगवान असतं. उसळी दिसते, मेंदू ठरवतो, हात हलतो, तोवर विमान वरून खाली यायला लागलेलं असतं. तेव्हा दिलेला धक्का खाली येणाऱ्या नाकाला आणखी खाली ढकलतो. म्हणून प्रत्येक उसळी आधीपेक्षा उंच. तिसरी बहुतेक वेळा मोडतोड करूनच थांबते.

त्याला हे माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं, मी पाहिलं. मग गो-अराउंड का नाही केला?

त्याने सांगितलेलं कारण मी जसंच्या तसं देतो: "डोक्यातच आलं नाही सर." मला आधी हे पळवाट वाटलं. मग त्याच्या ट्रेनिंगचे कागद काढले. त्याने गो-अराउंड २३ वेळा केला होता. तेवीसच्या तेवीस वेळा इन्स्ट्रक्टरने "गो अराउंड" म्हटल्यावर. आणि जवळपास प्रत्येक वेळी २०० ते ३०० फुटांवर, विमान स्थिर, वेग बरोबर, नाक सरळ. एकदाही त्याने तो स्वतःहून ठरवला नव्हता. एकदाही फ्लेअरमधून किंवा उसळीनंतर केला नव्हता. उसळी मारली की इन्स्ट्रक्टरचे हात योकवर येतात आणि इन्स्ट्रक्टर सावरतो. विद्यार्थ्याच्या अनुभवात उसळी म्हणजे 'सर बघतात' अशी गोष्ट होती.

आणखी एक, जे कागदावर नव्हतं. त्याआधीच्या आठवड्यात त्याने एकदा फायनलवर नीट जमत नाही म्हणून इन्स्ट्रक्टरला विचारलं होतं, गो-अराउंड करू का. केला. खाली आल्यावर सीनियर पोरांपैकी कोणीतरी म्हणालं, "काय रे, नुसती हवाच खाऊन आलास?" सगळे हसले. मीही हसलो होतो.

काय केलं

विमानाची तपासणी ठरल्याप्रमाणे झाली. डीजीसीएला, म्हणजे नागरी उड्डाणाच्या सरकारी नियामकाला, कळवलं, जबाब झाले. तो भाग लिहिण्यासारखा नाही. आंतरराष्ट्रीय नियमांतलं अनेक्स १३ सांगतं की अपघाताच्या चौकशीचा एकमेव हेतू पुन्हा तसा अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणं नाही. पण शाळेच्या आतल्या अहवालाचा पहिला मसुदा कार्यालयातून आला तो एका ओळीचा होता: वैमानिकाने चुकीच्या पद्धतीने उसळी सावरल्यामुळे. यात खोटं काहीच नव्हतं. फक्त त्या ओळीतून विमान सोडून काहीच दुरुस्त करता येत नव्हतं. मी त्यात सहीची वेळ, वाऱ्याचे आकडे, ते तेवीस गो-अराउंड आणि माझं गच्चीवरचं गप्प राहणं घातलं. वाद झाला. मसुदा गेला तो माझाच.

पोराचे वडील दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आले. तालुक्याच्या गावी त्यांचं शेतीच्या सामानाचं दुकान आहे. विमान हँगरमध्ये लोटून आणलेलं होतं. ते आधी विमानाभोवती फिरले, वळलेल्या पात्यावर हात ठेवला, मग मला म्हणाले, "सर, पोराचं चुकलं असन तर सांगा. लपवू नका." मी म्हणालो, "भाऊ, त्याचं सहा सेकंद चुकलं. माझं तासभर आधी चुकलं." ते काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि विचारलं, पुन्हा बसवाल का. बसवू म्हणालो.

त्या संध्याकाळी, रनवे बंद झाल्यावर, मी पोराला घेऊन चालत गेलो. आधी पंख्याच्या खुणा. डांबरावर एकापाठोपाठ एक आडवे काप, नखाने ओढल्यासारखे. सात काप, मग एक लांब ओरखडा. टेप लावली. दोन कापांमध्ये ७० सेंटिमीटर. दोन पात्यांचा पंखा, कार्डावर त्या क्षणी इंजिनाचे फेरे मिनिटाला हजार, म्हणजे सेकंदाला तेहतीस काप. तेहतीस गुणिले सत्तर सेंटिमीटर, सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ४५ नॉट. कार्डावरचा जमिनीवरचा वेगही तेवढाच. त्याने तो हिशेब वहीत स्वतः केला. मी बघत होतो, कारण अपघातानंतर पहिल्यांदाच त्याचा हात थरथरत नव्हता.

मग पहिल्या टेकीच्या खुणेवर आलो. म्हटलं, इथून शेवटपर्यंत चालायचं, पावलं मोजत. मोठ्याने. तो मोजत गेला. अडीचशे मीटरच्या आसपास मी त्याला थांबवलं आणि सांगितलं, इथे तुझं विमान उभं राहिलं असतं. त्याने मागे पाहिलं, पुढे पाहिलं. शेवटी पोचलो तेव्हा आकडा १,०४२ होता. परतीच्या वाटेवर तो गप्पच होता. हँगरजवळ आल्यावर एवढंच म्हणाला, "एवढा होता होय."

शाळेत दोन गोष्टी बदलल्या. एक, ते टॅक्सीवेचं तोंड. रनवे २७ ला त्या तोंडापर्यंत चाकं टेकली नाहीत तर गो-अराउंड, मग पुढे कितीही रनवे असो. ०९ ला तशीच एक खूण ठरवली. यात अंदाज नाही, 'जरा' नाही. दुसरी, गो-अराउंड शिकवण्याची पद्धत, आणि तिला वेळ लागला. आधी तीन हजार फुटांवर 'हवेतला रनवे' धरायचा. ही जमीन असं ठरवून तिथे फ्लेअर करायचा, वेग घटू द्यायचा आणि तिथून पूर्ण पॉवर. पूर्ण फ्लॅप असताना थ्रॉटल दिला की ट्रिममुळे (उतरण्यासाठी आधी लावून ठेवलेल्या समतोलामुळे) नाक जोरात वर उसळतं. तेव्हा योक पुढे दाबून धरावा लागतो आणि फ्लॅप लगेच २० अंशांवर आणावे लागतात. हा जोर हाताला आधी माहीत हवा. मग रनवेवर चार-पाच फुटांवरून तेच. मुद्दाम उसळ्या मारून सराव करायचा का, यावर आमच्यात बरीच खडाजंगी झाली. मी विरोधात होतो. पुढचं चाक सोसत नाही हे नुकतंच पाहिलं होतं, आणि शिकवण्यासाठी दुसरं मोडायची माझी तयारी नव्हती. शेवटी उसळी विद्यार्थ्याकडून आपसूक होईल तेव्हाच, फक्त इन्स्ट्रक्टरने हात मांडीवर ठेवायचे आणि एक सेकंद थांबायचं, असं ठरलं. तो एक सेकंद फार लांब असतो.

निष्पत्ती

विमान सात महिने जमिनीवर. फायरवॉलला पुढून पाहिलं तर काही दिसत नव्हतं; आतून, पेडलच्या मागे हात घातला की पत्र्याला पडलेली घडी लागायची. पंखा रनवेला लागला म्हणून इंजिन पूर्ण खोलावं लागलं. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या इंजिनातही क्रँकशाफ्टला मार बसलेला असू शकतो, म्हणून यात सूट नसते.

पोरगा पाच आठवड्यांनी परत उडायला लागला. सहा तास माझ्याबरोबर, त्यातले चार मुद्दाम दुपारच्या वाऱ्यात. त्यानंतरच्या पहिल्या सोलोला त्याने पहिल्याच फायनलवर गो-अराउंड केला. वेग ७० होता, वारा पाच. करायची गरज नव्हती. मी काही विचारलं नाही. पुढे त्याचे दोनशे तास पूर्ण झाले आणि लायसन्स मिळालं.

वेगळं काय करता आलं असतं

सही करताना आकडा आणि वेळ लिहायला हवी होती. आता लिहितो: 'आडवा वारा ८ झाला किंवा पावणेअकरा वाजले, जे आधी होईल ते, फुल स्टॉप.' पोरांना हे आवडतं. काय करायचं ते त्यांना कळतं आणि परत आल्यावर कोणाला समजवावं लागत नाही.

सकाळच्या स्लॉटबद्दल माझं मत अजून पूर्ण बसलेलं नाही. दुपारी शिकवायला लागलं तर सुरुवातीची लँडिंग खराब होतात, आत्मविश्वास जातो. तरी पहिल्या साठ तासांत निदान तीस लँडिंग खऱ्या वाऱ्यात झाल्याशिवाय दहानंतर सोलो नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय. काही सहकाऱ्यांना हा आकडा जास्त वाटतो.

आणि रेडिओ. गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाने टॅक्सीवेचं तोंड गेलं आणि चाकं हवेतच दिसली तर बोलायचंच, असा नियम आम्ही केला. विमानात विद्यार्थी असो की आणखी कोणी. नियम केला त्याच्या तिसऱ्या महिन्यात मी गच्चीवर होतो. आमचे सगळ्यांत जुने इन्स्ट्रक्टर एकटेच विमान तपासून परत येत होते. हजारो तासांचा माणूस. वारा नव्हता. ते आरामात तरंगत तोंड ओलांडून गेले. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "गो अराउंड." एक क्षण काहीच झालं नाही. मग इंजिनाचा आवाज चढला आणि विमान वर गेलं.

दुसऱ्या फेरीला ते टेकले, विमान लावलं, हेडसेट गळ्यात तसाच ठेवून कँटीनमध्ये आले. समोर बसले. चहा ढवळत म्हणाले, "काय रे, रनवे होता की अजून."

"होता सर," मी म्हणालो.